विवाह आणि वार

तुळशीची लग्ने लागली की आमच्याकडे दोन प्रकारची पत्रे येऊ लागतात. पहिल्या प्रकारची पत्रे आळंदीच्या कार्तिकी यात्रेसंबंधी असतात, ती दरसालचीच. दुसऱ्या प्रकारची मुलामुलींच्या लग्नासंबंधी. त्यांत पत्रिका जुळते की नाही, नाडी एक आली तर काय, हे प्रश्न असतातच. पण अलीकडे सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न वाराचा आहे. ‘शनिवारी लग्न लावले तर चालेल काय?’ ‘मंगळवार धरला तर व्याही नको म्हणतात, काय करावे?’ ‘रविवारच पाहिजे, पण रविवारी एकादशी आली, त्याला शास्त्रात काही वाट आहे काय?’ प्रत्येकास निराळे उत्तर लिहिण्यापेक्षा हा विषय एकदा मुळापासून पाहावा असे आम्हांस वाटले, म्हणून हा लेख.

या तिसऱ्या प्रश्नामागे आमच्या पाहण्यातली एक हकीकत आहे. आमच्या दिंडीतले एक गृहस्थ, तीस-पस्तीस वर्षांचे माळकरी, एकादशी कधी चुकली नाही. त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न ठरले. वैशाखातले दोन दिवस पुढे आले, एक मंगळवार आणि एक रविवार. मंगळवार दोन्हीकडच्या बायामाणसांनी एका तोंडाने मोडून काढला. उरला रविवार, आणि त्या रविवारी एकादशी. बुवा म्हणाले, ‘एकादशीला माझ्या दारात अन्नाची पंगत कशी बसवू?’ पण कार्यालय मिळाले होते, पाहुण्यांना सुट्टी होती, आणि मुलीचा बाप किती ताणून धरणार? लग्न झाले. तीनशे पाने उठली. माळकरी मंडळींसाठी पलीकडच्या खोलीत भगरीची सोय केली होती. स्वतः बुवा मात्र पाण्याशिवाय काही न घेता मांडवाच्या दारात हात जोडून उभे होते. पुढच्या आषाढीला सासवडच्या मुक्कामी त्यांनी हे आम्हांस सांगितले आणि म्हणाले, ‘माउली, मंगळवारात एवढं काय वाईट असतं हो? मला कोणी सांगितलंच नाही.’

बुवांचा प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर द्यायचे तर पुष्कळ मागे जावे लागते.

आपण पंचांग म्हणतो ते पाच अंगांचे, तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. ही पाचही अंगे आरंभापासून एकत्र होती अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. आपल्या जुन्या ग्रंथांत तिथी आहे, पक्ष आहे, नक्षत्र तर पानोपानी आहे, वार नाही. वेदांगज्योतिषात वार नाहीत. आश्वलायन गृह्यसूत्रात विवाहाचा काळ सांगितला आहे तो असा, की उत्तरायण असावे, शुक्लपक्ष असावा, नक्षत्र कल्याणकारी असावे. वाराचे नावही तेथे नाही. आणि त्याच ठिकाणी सूत्रकारांनी पुढे असेही नोंदविले आहे की, काहींच्या मते विवाह सर्वकाळी करता येतो. म्हणजे इतक्या जुन्या काळी, ज्यांनी विधी घालून दिला त्यांनीच, दुसरे मतही प्रांजळपणे लिहून ठेवले. आजचा एखादा गावजोशी इतका मोकळेपणा दाखवील की नाही, सांगता येत नाही.

रामायण घ्या. जनकराजाने सीतेचा विवाह ठरविला तेव्हा तो दशरथास सांगतो की आज मघा आहे, तिसऱ्या दिवशी उत्तरा फाल्गुनी आहे, त्या नक्षत्रावर विवाह करावा. महाभारतात द्रौपदीच्या विवाहाच्या वेळी आज चंद्र पुष्याशी योग पावतो आहे, म्हणून आजच पाणिग्रहण होऊ द्या, असे बोलणे आहे. येथे एक मौज अशी की, पुढच्या काळी मुहूर्तग्रंथांनी विवाहाची म्हणून जी अकरा नक्षत्रे ठरविली (रोहिणी, मृग, मघा, तिन्ही उत्तरा, हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ व रेवती) त्यांत पुष्य नाही! तेव्हा मुहूर्ताचे नियम काळाप्रमाणे फिरत आले आहेत, हे श्रद्धावानानेही मान्य करावयास हरकत नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याचे लग्न पाहू. रखुमाईचे. भागवताच्या दशमस्कंधात ती कथा आहे आणि नाथमहाराजांनी काशीत शके १४९३ मध्ये ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहून ती मराठीत घरोघर नेली. कित्येक घरांत मुलीचे लग्न जमावे म्हणून त्याचे पारायण करतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्या कथेत रुक्मीने बहिणीचे लग्न शिशुपालाशी ठरविले होते. तिथी-नक्षत्र पाहून, ब्राह्मण बसवून, नगर शृंगारून, सगळा बेत शास्त्राप्रमाणे चालला होता. इकडे रुक्मिणीचे पत्र द्वारकेस पोहोचले. भगवंतांनी काय केले? रुक्मिणीच्या विवाहाचे नक्षत्र कोणते ते जाणून घेतले आणि दारुकास रथ जोडावयास सांगितले. नक्षत्र विचारले, वार विचारला नाही; आणि नक्षत्रसुद्धा विचारले ते वेळेवर पोहोचता यावे म्हणून. शिशुपालासाठी काढलेला मुहूर्त जागच्या जागी राहिला, आणि अंबिकेच्या देवळातून बाहेर पडलेली नोवरी रथात बसून निघून गेली. विधिपूर्वक लग्न लागले ते पुढे द्वारकेत. पंढरपुरात आजही रखुमाई-पांडुरंगाचा विवाहसोहळा माघ शुद्ध पंचमीस, म्हणजे वसंतपंचमीस होतो. त्या दिवशी कोणता वार आहे हे कोणी पाहत नाही. सोमवार असो, मंगळवार असो, पंचमी आली की देवाचे लग्न.

मग हे वार आले कोठून?

वारांचा क्रम कसा लागतो, हे एकदा समजून घेतले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. रवीनंतर सोम का? मंगळानंतर बुध का? आकाशात तर ग्रह या क्रमाने नाहीत. प्राचीन ज्योतिषी ग्रहांची गती पाहून त्यांचा क्रम लावीत, सर्वांत मंद शनी, मग गुरू, मग मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि सर्वांत जलद चंद्र. अहोरात्रीचे २४ भाग कल्पून प्रत्येक भागास ‘होरा’ म्हणत आणि एकेक होरा याच क्रमाने एकेका ग्रहाच्या स्वाधीन करीत. सूर्योदयाची पहिली होरा ज्या ग्रहाची, त्याचा तो दिवस. आता बोटांवर मोजून पाहा. रविवारी पहिली होरा रवीची. सात ग्रहांची तीन आवर्तने झाली म्हणजे २१ होरा संपल्या. बाविसावी पुन्हा रवीची, तेविसावी शुक्राची, चोविसावी बुधाची. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पाळी आली चंद्राची. म्हणून रविवारानंतर सोमवार. तेथून तसेच पुढे मोजा, शनी, गुरू गेले की मंगळ. ‘वार’ या शब्दाचा अर्थच पाळी असा आहे. वारंवार म्हणतो तोच हा वार. ‘होरा’ हा शब्द मूळचा ग्रीक भाषेतला. तो आणि सात वारांची ही मांडणी आपल्याकडे बाहेरच्या ज्योतिषातून आली, असे विद्वानांचे मत आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात या विषयाचा बारकाईने ऊहापोह केला आहे. जिज्ञासूंनी तो जरूर पाहावा.

आपल्या देशात वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना तिथियुक्त लेख मध्यप्रदेशातील सागर जिल्ह्यात, एरण या गावी आहे. बुधगुप्त राजाच्या वेळचा, गुप्त संवत् १६५ म्हणजे इ. स. ४८४ चा. मातृविष्णू आणि धन्यविष्णू या दोघा भावांनी जनार्दनाचा, म्हणजे आपल्या विष्णूचा, ध्वजस्तंभ तेथे उभा केला आणि त्यावर दिवस कोरविला तो आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार! आषाढीची वारी करून द्वादशीचे पारणे सोडणाऱ्या वारकऱ्यास हे वाचून काय वाटेल, हे आम्ही निराळे सांगावयास नको. तो दगडी स्तंभ अजून उभा आहे. पण येथे लक्षात ठेवण्याजोगे हे की, त्या भावांनी आधी आषाढ शुद्ध द्वादशी लिहिली आणि मग गुरुवार लिहिला. गुरुवार होता म्हणून स्तंभ उभारला असे तो लेख म्हणत नाही.

यानंतरच्या हजार वर्षांत वार मुहूर्तशास्त्रात चांगला मुरला. दोन ग्रंथ आपल्याकडे विशेष चालत. एक ‘मुहूर्तमार्तंड’, देवगिरीच्या बाजूच्या टापर गावच्या नारायण दैवज्ञाचा, शके १४९३ मधला. म्हणजे नाथांचे रुक्मिणीस्वयंवर आणि हा ग्रंथ एकाच शकातले. दुसरा ‘मुहूर्तचिंतामणी’, काशीच्या राम दैवज्ञाने शके १५२२ मध्ये रचलेला. या शास्त्रात वारांचे स्वभाव सांगितले आहेत. रवी स्थिर, चंद्र चर, मंगळ उग्र, बुध मिश्र, गुरू लघु, शुक्र मृदू आणि शनी तीक्ष्ण अथवा दारुण. सौम्य ग्रहांचे वार, म्हणजे सोम, बुध, गुरू, शुक्र, हे मंगलकार्यास बरे, रवी मध्यम, मंगळ आणि शनी टाळावेत, ही जी आपल्या आजीची समजूत ती येथून निघाली आहे. आजी काही मनचे सांगत नव्हती. जोशीबुवांनी सांगितलेले तिने ऐकले होते आणि जोशीबुवांनी ते पोथीत वाचले होते.

पण पोथीतली सगळीच पाने जोशीबुवांनी आजीला वाचून दाखविली नाहीत. त्याच परंपरेत एक प्रसिद्ध हिशेब आहे, तो असा: तिथीचा गुण एक धरला तर नक्षत्राचे चार, वाराचे आठ, करणाचे सोळा, योगाचे बत्तीस, ताराबळाचे साठ, चंद्रबळाचे शंभर आणि लग्नाचे कोटी! हा हिशेब आम्ही आमच्या बाजूने ओढून सांगत नाही. वाराला तिथीहून आणि नक्षत्राहून अधिक गुण दिले आहेत हे आम्हांस दिसते आणि ते आम्ही झाकून ठेवणार नाही. परंतु आठ कोठे आणि कोटी कोठे? पूर्वक्षितिजावर त्या क्षणी जी रास उदय पावत असते तिला ‘लग्न’ म्हणतात. दिवसरात्रीत बारा राशी उगवतात, एकेक सुमारे दोन तासांची. विवाहाचा सगळा भार या लग्नशुद्धीवर होता, इतका की आपण मराठीत विवाहसोहळ्यालाच ‘लग्न’ म्हणू लागलो. कोणी ‘माझ्या मुलीचा वार आहे’ असे म्हणत नाही.

म्हणून जुन्या लग्नांत घटिकापात्राला मान असे. पाण्याच्या घंगाळात बारीक छिद्राची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे. अशा ६० घटिका म्हणजे अहोरात्र. वाटीजवळ जोशी बसे, तोंडाने घटिका-पळे मोजी, आणि शेवटची वाटी बुडाली की अंतरपाट दूर होई. आता काय होते? वारासाठी तीन महिने घरात भांडण चालते, आणि तो वार उजाडल्यावर वरातीपुढचा नाच संपत नाही म्हणून मुहूर्ताची वेळ पाऊण तास उलटून जाते! आठ गुणांचा वार जपायचा आणि कोटी गुणांचे लग्न वाऱ्यावर सोडायचे, असा हा व्यवहार आहे.

आणखी एक मत ऐका. वारांचे दोष सदासर्वकाळ चालत नाहीत, असेही मुहूर्तशास्त्रात प्रचलित आहे. रवी, गुरू, शुक्र यांच्या वारांचा दोष रात्री लागत नाही. सोम, मंगळ, शनी यांच्या वारांचा दोष दिवसा लागत नाही. बुधवाराचा दोष मात्र सर्वत्र धरावा म्हणे. आता घ्या! दिवसाउजेडी लावलेल्या मंगळवारच्या, शनिवारच्या लग्नाला या मताप्रमाणे वाराचा दोषच नाही, आणि दोष कोणाला, तर बुधवाराला, जो आपण पांडुरंगाचा वार म्हणून डोक्यावर घेतो. एक पान बुधाला सौम्य म्हणते, दुसरे पान सर्वत्र निंद्य म्हणते. आम्ही शास्त्राची थट्टा करीत नाही. शास्त्रात अनेक आचार्य बोलतात आणि त्यांची मते भिन्न असतात, एवढेच आमचे म्हणणे. ज्याला एकच ओळ ऐकू आली त्याने तीच सर्व शास्त्र आहे असे समजून मुलीचे लग्न लांबवू नये.

छापील मराठी पंचांगे उघडून पाहा. त्यांत विवाहमुहूर्तांच्या ज्या तारखा दिलेल्या असतात त्यांत मंगळवार आणि शनिवार येतात. पंचांगकर्ते ते गाळीत नाहीत. गाळतो ते आपण. आणि हा वार मोजायचा कसा, हेही आपण विसरत चाललो आहोत. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो. घड्याळाचा वार मध्यरात्री बदलतो. सोमवारी रात्री दीड वाजता लग्न लागले तर तारखेच्या कागदावर तो मंगळवार, पण पंचांगाप्रमाणे सोमवारच चाललेला असतो. हे ठाऊक नसल्याने रात्रीच्या मुहूर्तावरून उगाच रुसवेफुगवे झालेले आम्ही पाहिले आहेत.

बरे, आमचे पूर्वज प्रत्यक्षात लग्ने करीत ती कशी? खेड्यातला क्रम आधी महिन्याचा असे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत देव निजलेले, चातुर्मास, लग्न नाही. पौष नाही. गुरू-शुक्राचा अस्त असेल तर नाही, अधिक मास असेल तर नाही. राहिले मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन, वैशाख, ज्येष्ठ. त्यांतही शेतकऱ्याचा हात रिकामा असतो आणि खळ्यावरचे धान्य घरात आलेले असते ते वैशाखात. त्यापुढे गावच्या आठवडेबाजाराचा हिशेब, कारण मीठमिरचीपासून बांगड्यांपर्यंत सगळे बाजारच्या दिवशी आणायचे. म्हणून बाजारानंतरचा दिवस सोयीचा. कुळाच्या देवाचा वार कोणाचा असेल तर त्या दिवशी काही घरी लग्न धरीत, काही घरी मुद्दाम टाळीत. चांगले लग्न सापडले नाही तर गोरज मुहूर्त होताच. संध्याकाळी गाई घराकडे परतताना धूळ उडते ती वेळ. गोरजावर लागलेली लग्ने कोणाच्या कुळात नाहीत? वारकऱ्याच्या घरी याखेरीज एक मर्यादा असे. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून आणि अष्टमीस आळंदीहून पालखी निघते. तेव्हा कार्य काय करायचे ते त्याच्या आत उरकायचे, मांडव उतरायचा आणि पताका खांद्यावर घ्यायची. पंचांगात आषाढाच्या पहिल्या दशमीपर्यंत मुहूर्त दिलेले असले तरी वारकरी तेव्हा वाटेवर असतो. त्याला ते मुहूर्त नसल्यासारखेच.

तुकोबारायांच्या मुलींच्या लग्नाची गोष्ट महिपतीबुवांनी ‘भक्तलीलामृता’त सांगितली आहे. मुली उपवर झाल्या, जिजाई रोज घोर लावून घेई. एके दिवशी महाराज बाहेर पडले, आपल्या ज्ञातीची तीन मुले रस्त्यात खेळत होती ती हाताशी धरून घरी आणली, हळद लावली आणि तिन्ही मुलींची लग्ने लावून मोकळे झाले. मोझे, गाडे आणि जांभूळकर ही त्या जावयांची घराणी. नंतर मुलांच्या वडिलांना कळले तेव्हा त्यांनी आनंदच मानला. ही गोष्ट सांगून आज कोणी रस्त्यातला मुलगा धरून आणावा असे आम्ही म्हणत नाही. एवढे धैर्य तुकोबांचे. पण ज्याच्या घरी आपण गाथा उघडतो, त्याच्या घरचे लग्न वारासाठी अडले नाही, इतके तरी आपल्या ध्यानात असावे.

वार संत मानीत नव्हते काय? नोंदीपुरता मानीत होते. नाथांनी भागवताची टीका काशीत पुरी केली तो दिवस शके १४९५, कार्तिक पौर्णिमा, सोमवार असा त्यांनीच लिहून ठेवला आहे. माउलींनी समाधी घेतली तो दिवस शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी, गुरुवार. आजच्या गणिताने हे दोन्ही वार बरोबर जुळतात. पण आळंदीस आपण जातो ते त्रयोदशीस, गुरुवारी नव्हे. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री, बीज, षष्ठी, आपल्या संप्रदायाची सगळी चाल तिथीवर आहे. वारकरी हा वाराचा नव्हे, वारीचा.

आता रविवारचे काय, ते सांगतो. मुहूर्तशास्त्रात मध्यम ठरलेला हा वार आज पहिल्या नंबरावर येऊन बसला आहे, तो कोणत्याही पोथीमुळे नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी कामगारास आठवड्याची सुट्टी अशी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची सभा भरवून ही मागणी पुढे मांडली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कोकणातला आणि घाटावरचा जो माणूस मुंबईत राबत होता त्याला त्या दिवसापासून एक दिवस आपला असा मिळाला. रविवार खंडोबाचाही, त्यामुळे तो मनाला परका वाटला नाही. पुढे नोकरदार माणूस वाढला तसतसे त्याचे लग्न, बारसे, जावळ, सगळे रविवारी आले. म्हणजे रविवारचे महत्त्व कामगाराच्या घामातून आलेले आहे, त्याबद्दल आम्हांस आदरच आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला, तो दिवसही शनिवारच होता. आणि पाहता पाहता शनिवारची लग्नेही वाढली. ज्या शनीला घाबरून आजी दार लावून घेत होती त्याच्याच वारी आता मांडव पडतात आणि कोणी ब्र काढीत नाही, कारण सुट्टी आहे. मंगळवाराला तेवढी सुट्टी नाही, म्हणून तो अजून उग्र राहिला आहे!

सोयीसाठी रविवार धरण्यात काही गैर नाही. लांबचे आप्त येतात, मुलांची शाळा बुडत नाही. पण सोयीला शास्त्राचे नाव देऊ नये, आणि सोयीपायी नेम मोडू नये. रविवारी कार्यालयाचे भाडे अधिक, स्वयंपाकी अधिक मागतो, गाडी मिळत नाही. आधल्या-मागल्या वारी हेच कार्य कमी खर्चात होते. मुलीच्या बापाने कर्ज काढून रविवार विकत घ्यावा आणि मंगळवार फुकट मिळत असता तो उग्र म्हणून टाकावा, यात कोणते पुण्य आहे?

तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांना आमचे उत्तर असे. तारीख ठरविताना वारकऱ्याने प्रथम एकादशी पाहावी. वर्षात २४ एकादश्या. त्यांतल्या तीन-चार रविवारी येणारच, आणि लग्नसराईत एखादी तरी हमखास. पंचांगात कधी कधी स्मार्त आणि भागवत अशा दोन दिवशी एकादशी लिहिलेली असते. आपली भागवत, हे व्याह्यांना बैठकीतच सांगून ठेवावे, मांडव पडल्यावर सांगून उपयोग नाही. द्वादशीस पारण्यानंतर पंगत बसवावयास काही प्रत्यवाय नाही. त्यानंतर पालखीच्या प्रस्थानाचा दिवस पाहावा. मग महिना, अस्त, नक्षत्र, लग्न हे आपल्या जोशांकडून पाहून घ्यावे, ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी अवश्य घ्यावे. आणि हे सगळे जुळत असून केवळ मंगळवार आला किंवा शनिवार आला एवढ्याकरिता कोणी मोडता घालीत असेल, तर त्यास हे पान वाचून दाखवावे.

सासवडच्या त्या बुवांना आम्ही त्या रात्री तंबूत कंदिलाशी बसून यातले बरेचसे सांगितले होते. गेल्या साली त्यांच्या धाकट्या मुलीचे ठरले. पुन्हा वैशाख, पुन्हा एक रविवार आणि एक मंगळवार. रविवारी एकादशी नव्हती, तरी कार्यालयाचे भाडे ऐकून बुवा मंगळवारकडे वळले. व्याही आधी कां-कूं करीत होते. बुवांनी त्यांना पंचांगातली मुहूर्ताची तारीख दाखविली, दिवसाचा दोष नाही ते सांगितले, आणि मुहूर्ताला एक मिनिट उशीर होऊ देणार नाही, नाच असेल तर लग्नानंतर, असे निक्षून बजावले. लग्न सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांनी लागले. आम्ही हजर होतो. बुवांनी त्या दिवशी पहिल्या पंगतीला पान मांडून घेतले, आणि धाकट्या जावयाच्या शेजारी बसून पुरणपोळी दोनदा मागून घेतली.